जुनी ४०७ फक्त घाटातच तापते. हेड खोलण्याआधी काय काय तपासू?

बेदाणा४०७ (तासगाव)

नमस्कार मंडळी. आमची टाटा ४०७ (छोटा ट्रक) आहे, १९९९ ची, वडिलांनी नवी घेतलेली. दोन वर्षांपूर्वी त्यांनी स्टेअरिंग सोडलं, तेव्हापासून गाडी माझ्याकडे. हंगामात द्राक्षं आणि बेदाणा, एरवी मिळेल ते भाडं.

त्रास असा आहे. पुण्याहून दोन टन माल भरून परत येताना खंबाटकी चढायला लागलो की निम्म्या घाटात तापमानाचा काटा लालच्या कडेला जातो. थांबून दहा-पंधरा मिनिटं गार केली की पुढे निघते. सपाटीला साठच्या वेगानं तासभर चालवली तरी काटा निम्म्यावरच. सिग्नलला, नाक्यावर उभी राहिली तरी तापत नाही. फक्त चढ आणि लोड एकत्र आले की तापते.

आतापर्यंतची कामं : पहिल्या मिस्त्रींनी थर्मोस्टॅट (इंजिन गरम झाल्यावरच पाणी रेडिएटरकडे सोडणारी झडप) काढून टाकला, 'आपल्या हवेला त्याची गरज नाही' म्हणाले. दुसऱ्यांनी वॉटर पंप आणि पट्टा नवा घातला. तिसरे म्हणतायत हेड (सिलिंडरांवरचं झाकण) उतरवू, फेस मारू म्हणजे घासून सपाट करू, मधलं गॅसकेट नवं टाकू. १८ हजार गेलेत आणि काटा तिथंच आहे. द्राक्षाचा हंगाम महिन्यावर आलाय. गाडी विकायची नाही, हे आधीच सांगतो. घरात तसा विषयसुद्धा निघत नाही.

हेडला हात लावण्याआधी काय तपासावं?

उसाची_गाडी (वाळवा)

भाऊ, पाणी कुठलं घालता? बोअरचं असेल तर रेडिएटर बघा आधी. आमच्या भागातल्या बोअरच्या पाण्यानं घरातल्या हंड्याला महिन्यात पांढरा थर येतो, तोच रेडिएटरच्या नळ्यांत बसतो.

आगारकाका (सातारा)

मी एसटीच्या आगारात ३१ वर्षं हातात पाना घेऊन काढली, आता निवृत्त आहे. तुमच्या लिहिण्यातच निम्मं उत्तर आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

गाडी तापण्याच्या तीन तऱ्हा असतात. उभी असताना तापते आणि पळायला लागली की गार होते, तेव्हा दोष वाऱ्याचा : पंखा, पंख्याचा पट्टा, पंख्याभोवतीचं कव्हर. सकाळी सुरू करून पाच मिनिटांत तापते, तेव्हा पाणी कमी आहे किंवा फिरतच नाही. आणि तुमच्यासारखी सपाटीला शहाणी, चढाला लोडवर तापते, तेव्हा इंजिन जेवढी उष्णता देतंय तेवढी बाहेर टाकायला रेडिएटर पुरा पडत नाही. चढावर डिझेल जास्त जळतं, उष्णता वाढते, आणि वेग कमी म्हणून समोरचा वाराही कमी. निम्मा तुंबलेला रेडिएटर सपाटीला निभावून नेतो, घाटात उघडा पडतो.

हेडचा संशय असेल तर तो बिनखर्चाचा तपासता येतो. गाडी रात्रभर गार होऊ द्या. सकाळी रेडिएटरची कॅप काढा, पाणी तोंडापर्यंत भरा. वॉटर पंपाचा पट्टा उतरवा, म्हणजे पंप पाणी घुसळणार नाही. आता कुणाला तरी गाडी सुरू करायला सांगा आणि तुम्ही तोंडात बघत राहा. फक्त एक मिनिट, जास्त नको, कारण पट्टा नाही. सोड्याच्या बाटलीसारखे बुडबुडे सतत येत राहिले तर सिलिंडरमधला वायू पाण्यात शिरतोय, म्हणजे गॅसकेट किंवा हेड. बुडबुडे नाहीत, ऑईलच्या पट्टीवर दुधासारखा फेस नाही, सायलेन्सरमधून पांढरी वाफ नाही, पाणी दररोज कमी होत नाही, तर हेडला कुणालाही हात लावू देऊ नका. हेड एकदा उतरलं की गाडी पहिल्यासारखी बसेलच असं नाही. बोल्ट जुने, आटे जुने.

थर्मोस्टॅट परत बसवा. तो काढल्यानं इंजिन गार राहतं हा गैरसमज फार पसरलाय. थंड इंजिनात डिझेल नीट जळत नाही, ऑईल घट्ट राहतं, पिस्टन-रिंगा लवकर झिजतात. शिवाय ज्या इंजिनाला बायपासची वाट असते तिथं थर्मोस्टॅट नसला की काही गरम पाणी रेडिएटरकडे न जाता आतल्या आतच फिरतं. गाडी गार ठेवायला म्हणून काढलेली वस्तू उलट तापवायला मदत करते. नवा बसवण्याआधी पातेल्यात पाणी उकळत ठेवून त्यात दोऱ्यानं लोंबकळवा. उघडताना डोळ्यांना दिसतो.

मग खालची नळी. रेडिएटरच्या खालच्या टाकीतून पंपाकडे जाणारी. पंप तिथून पाणी ओढतो. इंजिन गरम असताना, कॅप लावलेली असताना, कुणाला तरी रेस करायला सांगा आणि नळीकडे बघा. हात पंख्यापासून लांब, सदऱ्याच्या बाह्या दुमडलेल्या, गळ्यात उपरणं-मफलर काही नको. नळी चिपाडासारखी आत बसली तर पाणी तिथंच अडतंय. बऱ्याच गाड्यांत त्या नळीच्या आत तारेची स्प्रिंग असते. ती गंजून गेली की बाहेरून नळी चांगली दिसते आणि रेस केली की चपटी होते.

शेवटचं, सगळ्यात स्वस्त : रेडिएटरची कॅप. कॅप म्हणजे नुसतं झाकण नव्हे. ती आत दाब धरून ठेवते. मोकळं पाणी १०० अंशांना उकळतं, त्यावर एक बारचा दाब असेल तर १२० च्या आसपास. रबर कडक झालं की दाब राहत नाही, पाणी लवकर उकळतं. कॅपमध्ये उलट दिशेचा छोटा व्हॉल्व्हही असतो. तो चिकटला की गाडी गार होताना आत पोकळी होते आणि नळ्या चिपतात. कॅपवर दाबाचा आकडा छापलेला असतो, तेवढ्याचीच घ्या.

आणि एक विचारायचं राहिलं. रेडिएटर शेवटचा उघडून साफ कधी केला होता?

मिरज_वायरिंग

काकांनी सगळं सांगितलंय, पण काटा खरं बोलतोय का ते आधी बघा. ऑटो इलेक्ट्रिकचं काम करतो मी. महिन्याला एक तरी गाडी अशी येते की तापत नसते, काटा तेवढा वर जातो.

खूण सोपी. गाडी गरम असताना हेडलाइट लावा. दिवे लावल्याबरोबर तापमानाचा काटा जागेवरून हलला तर दोष अर्थिंगचा. पाणी दोन सेकंदांत तापत नाही. जुन्या गाडीत इंजिन ते चॅसी आणि चॅसी ते बॅटरी अशा अर्थिंगच्या पट्ट्या असतात. वरून काळ्या-हिरव्या झालेल्या, आतल्या निम्म्या तारा तुटलेल्या. मल्टिमीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं इंजिनच्या उघड्या लोखंडाला लावा आणि सेल्फ मारायला सांगा. अर्ध्या व्होल्टच्या वर आकडा गेला तर पट्टी बदला, जागा घासून लोखंड उघडं करा. लोक सेल्फ उतरवून भरून आणतात, नवी बॅटरी घेतात, आणि खरा दोष त्या काळ्या पट्टीत असतो.

तापमान बघायला पिस्तुलासारखं थर्मामीटर मिळतं. करोनात कपाळाला धरायचे ते नको, ते माणसाचा ताप मोजतं, पुढे आकडे नाहीत. कारखान्यात वापरतात ते घ्या.

बेदाणा४०७ (तासगाव)

काका, दादा, मनापासून आभार. आज सकाळी सगळं करून बघितलं.

हेडलाइट लावून काटा हलला नाही. बुडबुडे नाहीत. पट्टा उतरवून नीट बघितलं, सुरुवातीला दोन-तीन आले, नंतर पाणी शांत. ऑईल काळं आहे पण फेस नाही.

खालच्या नळीनं मात्र धक्का दिला. भाच्याला रेस करायला सांगितलं आणि मी टॉर्च मारून बघत होतो. नळी मधोमध अशी बसली की दोन्ही बाजू एकमेकींना टेकल्या. रेस सोडली की पुन्हा फुगली. उतरवून कापली तर आत स्प्रिंग नाहीच, नुसता तपकिरी चुरा आणि तारेचे दोन तुकडे. नवी स्प्रिंगवाली नळी सांगलीतून आणली, थर्मोस्टॅटही बसवला.

रेडिएटरचं वडिलांना विचारलं. ते म्हणाले, 'तुझ्या ताईच्या लग्नाच्या वर्षी मिरजेत उघडला होता.' म्हणजे २०११. त्यानंतर नाही. आणि पाणी, उसाची_गाडी दादा म्हणाले तसं, शेतातल्या बोअरचंच.

आगारकाका (सातारा)

नळी सापडली हे उत्तम, पण इथं थांबू नका. स्प्रिंग का गंजली? नुसतं पाणी होतं म्हणून. कूलंटमध्ये गंज थांबवणारी रसायनं असतात, नुसत्या पाण्यात नाहीत. आणि नळी एवढी का चिपली? रेडिएटर तुंबलेला असला की पंप जोरानं ओढतो आणि पाणी पुरेसं येत नाही. नळी सशक्त घातलीत, आता ती चिपणार नाही, पण अडथळा आतच आहे. एकदा पुण्याला जाऊन या, मग बोलू. कॅप?

घाटमाथा (पाटण)

धागा तापण्याचा आहे, पण ४०७ आणि घाट हे दोन शब्द वाचून राहवत नाही. चढ एकदा चुकला तर गाडी उभी राहते. उतार चुकला तर उभी राहत नाही.

माझी पण ४०७ होती, दोनेक वर्षांपूर्वी विकली. कराड-चिपळूण भाडी असायची. एकदा कुंभार्ली उतरताना, माल सिमेंटचा, निम्म्या उताराला पॅडल मऊ लागायला लागलं. दुसऱ्यांदा दाबलं तर आणखी खाली. ब्रेकचे लायनर जळल्याचा वास केबिनमध्ये भरला. नशिबानं डोंगराच्या बाजूला रुंद जागा होती, दुसऱ्यात टाकून हँडब्रेक ओढत ओढत थांबवली, चाकांना दगड लावले. क्लीनर पाण्याचा कॅन घेऊन ड्रमवर ओतायला धावला, त्याला अडवलं. तापलेल्या ड्रमवर गार पाणी पडलं तर ड्रम तडकतो. पाऊण तास बसून राहिलो.

नंतर मिस्त्रींनी ब्रेक ऑईल काढलं तर चहासारखं. ब्रेक ऑईल हवेतली ओल शोषतं. ओल शिरलेलं ऑईल लवकर उकळतं, उकळलं की नळीत वाफ, आणि वाफ दाबली जाते. पॅडल मऊ लागतं ते त्यामुळं. दोन वर्षांनी ऑईल पूर्ण बदलायचं, नुसतं वरून भरायचं नाही. आणि डब्यावर 'डॉट' (ब्रेक ऑईलचा दर्जा) लिहिलेलंच घ्यायचं. अडचणीत म्हणून इंजिन ऑईल किंवा दुसरं कुठलं तेल घातलं तर ब्रेकच्या सिलिंडरमधले रबरी कप फुगतात आणि सगळे ब्रेक आवळतात.

४०७ ला ब्रेकवरचा पायाचा जोर वाढवणारा व्हॅक्यूमचा बूस्टर आहे. तपासायची रीत : इंजिन बंद करून पॅडल चार-पाच वेळा दाबा, घट्ट होईल. तसंच दाबून धरा आणि गाडी सुरू करा. पॅडल पायाखाली किंचित खाली गेलं तर बूस्टर ठीक. तिथंच राहिलं तर व्हॅक्यूमची नळी, पंप नाहीतर बूस्टर. म्हणूनच डिझेल वाचवायला इंजिन बंद करून उतरणाऱ्यांना हात जोडून सांगतो, करू नका. न्यूट्रलही नको. ज्या गिअरनं तो घाट चढला असता त्याच गिअरनं उतरा.

उसाची_गाडी (वाळवा)

घाटमाथा दादांच्या प्रत्येक शब्दाला माझा दुजोरा. आमच्या मोठ्या गाडीला हवेचे ब्रेक आहेत, तिथली गोष्ट वेगळी म्हणून लिहितो.

हवेच्या टाकीचं पाणी रोज संध्याकाळी सोडायचं. गाडी जुनी, हवेतली ओल काढणारा ड्रायर नाही, कॉम्प्रेसर हवेबरोबर ओल आणि थोडं ऑईलही टाकीत ढकलतो. खाली कॉक उघडला की आधी दुधासारखं पाणी फुर्रकन उडतं. नुसती ओल आली तर ठीक, काळं तेल जास्त यायला लागलं तर कॉम्प्रेसरच्या रिंगा गेल्या असं समजायचं. आणि टाकी पूर्ण भरून इंजिन बंद करून दहा मिनिटं काट्याकडे बघत बसायचं. काटा उतरायला लागला तर साबणाचं पाणी घेऊन सांधे शोधायचे.

हंगामात उसाच्या फडात गाडी लावली की खाली पाचट अडकतं. प्रोपेलर शाफ्टला गुंडाळत गुंडाळत जातं आणि ऑईल सील खातं. सायलेन्सरवर वाळलेलं पाचट बसलं तर पेट घेतं. फडातून बाहेर पडताना वाकून खाली बघून हातानं काढायचं, एवढंच काम आहे, पण मी एका गाडीची वायरिंग जळालेली डोळ्यांनी बघितलीय.

पाट्यांचं (स्प्रिंगच्या पोलादी पट्ट्यांचं) एक. नवा पाटा टाकला किंवा सेंटर बोल्ट बदलला की यू-बोल्ट एकदा आवळून भागत नाही. पहिली लोडची खेप झाली की परत आवळायचे. पाटे दबून बसतात, बोल्ट ढिले पडतात, मग सेंटर बोल्ट कातरतो आणि एक्सल मागे सरकतो. गाडी वाकडी चालतेय असं मागून येणारा सांगतो तोवर टायर गेलेला असतो. चाकाचे नटही तसेच, चाक उतरवलं असेल तर ५०-१०० किलोमीटरवर परत पाना लावायचा. जुन्या काही ट्रकांना डाव्या बाजूच्या नटांचे आटे उलटे असतात, हे माहीत नसलेला पोरगा पाईप घालून बोल्ट मोडतो.

कृष्णाकाठची (सांगली)

सगळे ट्रकवाले दिसतायत, माझी छोटी गाडी चालेल का? मारुती ८००, १९९७ ची, कार्ब्युरेटरवाली. ७९६ सीसी, तीन सिलिंडर. दोन गोष्टी सांगायच्या आणि एक विचारायची.

पहिली महापुराची. ऑगस्ट २०१९ मध्ये आमच्या गावभागात पाणी शिरलं तेव्हा आयर्विन पुलापाशी पातळी ५७ फुटांवर गेली होती. गाडी सीटच्या वरपर्यंत पाण्यात. पाणी ओसरल्यावर गल्लीतल्या एकांनी त्यांच्या गाडीला 'चालू होते का बघू' म्हणून चावी मारली. खाडकन आवाज आला आणि इंजिन गेलं. सिलिंडरमध्ये पाणी असताना पिस्टन वर आला की पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. आमच्या मिस्त्रीकाकांनी आधी बॅटरीची निगेटिव्ह काढायला लावली, मग तिन्ही प्लग काढले आणि पान्यानं इंजिन हातानं फिरवलं. प्लगच्या भोकातून गढूळ पाणी असं उसळलं की माझ्या ओढणीवर त्याचे डाग अजून आहेत. मग प्रत्येक भोकात थोडं ऑईल, परत फिरवणं. इंजिन ऑईल दोनदा बदललं, गिअर ऑईलही काढलं. तेही पाण्यासारखं पांढुरकं निघालं, आम्हाला वाटलं होतं तिथं पाणी जाणारच नाही.

तेव्हापासून पावसाळ्याच्या आधी एक करते : रेडिओवर धरणातून विसर्ग वाढल्याचं ऐकलं की गाडी विश्रामबागच्या मावशीकडे नेऊन ठेवते. त्याहून मोठी देखभाल नाही.

दुसरी, टायमिंग बेल्ट, म्हणजे इंजिनचे व्हॉल्व्ह वेळेवर उघडायला लावणारा रबरी पट्टा. गाडी वर्षाला दोन हजार किलोमीटर चालते म्हणून बेल्ट चांगला असेल असं धरू नका. रबर किलोमीटरनं जातं तसं वयानंही जातं.

आता प्रश्न. पेट्रोलमध्ये इथेनॉल वाढल्यापासून गाडी सकाळी सुरू व्हायला त्रास देते, आणि हल्ली बॉनेट उघडलं की पेट्रोलचा वास येतो. काय करू?

आगारकाका (सातारा)

ताई, वास येतोय ना, मग आज गाडी बाहेर काढू नका. आधी पेट्रोलच्या रबरी नळ्या बदला. त्या काळच्या नळ्या आणि पंपाचा पडदा २० टक्के इथेनॉल डोळ्यांपुढे ठेवून केलेले नव्हते. रबर फुगतं, मऊ पडतं, नंतर चिरा पडतात. दुकानात इथेनॉलला चालणाऱ्याच नळ्या मागा, सोबत नव्या क्लिपा. यांत्रिक पंपाचा पडदा फाटला असेल तर पेट्रोल ऑईलमध्येही उतरतं. ऑईलची पट्टी काढून नाकाशी धरा. पेट्रोलचा वास आला आणि पातळी वाढलेली दिसली तर ऑईलही बदलायला हवं.

इथेनॉल ओल ओढून घेतं. म्हणून गाडी महिना-महिना उभी राहणार असेल तर अर्धी टाकी ठेवू नका, वरची मोकळी हवा ओल आणते. टाकी भरलेली ठेवा किंवा दर आठवड्याला चालवा. कार्ब्युरेटरचा बाऊल वर्षातून एकदा उघडून खालचा गाळ आणि पांढरी भुकटी काढायची. मायलेज थोडं उतरेल, त्यात गाडीचा दोष नाही. लिटरमागे इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या दोन-तृतीयांशाएवढीच ऊर्जा असते, त्यामुळे २० टक्के मिश्रणात सहा-सात टक्के ऊर्जाच कमी. आपल्याच जिल्ह्यांतला ऊस आपल्याच टाकीत येतोय, तेव्हा त्याच्याशी जुळवून घेणं भाग आहे.

कृष्णाकाठची (सांगली)

काका, पट्टीला खरंच पेट्रोलचा वास आहे. उद्याच मिस्त्रीकाकांना घरी बोलावते. खूप खूप आभार.

मिरज_वायरिंग

ताई, नळ्या बदलताना बॅटरीची निगेटिव्ह काढून ठेवा, आणि काम उघड्यावर, सावलीत. तुमच्याकडे उंदरांचा त्रास असेल तर त्याच वेळी वायरिंगही बघून घ्या. उभ्या गाडीत उंदीर आधी प्लगच्या वायरी आणि बॉनेटचं अस्तर कुरतडतात.

बेदाणा४०७ (तासगाव)

कालच पुण्याहून आलो. दीड टन माल, दुपारी दोनचं ऊन. पूर्वी जिथं काटा लालला भिडायचा तिथं या वेळी पाऊणवर होता. घाटमाथ्यावर पोचलो न थांबता, पण पाऊण म्हणजे पाऊणच. काका म्हणाले तसं अडथळा आत आहे.

थर्मामीटर घेतलं. गरम गाडीवर रेडिएटर वरून खाली, डावीकडून उजवीकडे मोजत गेलो. वर ८८, खाली बहुतेक जागी ७० च्या आसपास, पण उजव्या बाजूला खालचा एक मोठा पट्टा ४५. तिथं पाणी जातच नाही असं दिसतंय.

आगारकाका (सातारा)

बरोबर ओळखलंत. गार पट्टा म्हणजे तुंबलेल्या नळ्या. मिरजेला न्या. तुमच्या गाडीचा रेडिएटर जुना, तांब्या-पितळेचा असेल तर टाकावा लागत नाही. वरची टाकी डाग (झाळलेला सांधा) काढून उघडतात, प्रत्येक नळीतून पातळ पट्टी घालून खवले काढतात, परत डाग देतात. समोर उभं राहून करून घ्या. टाकी उघडल्यावर आणि काम झाल्यावर, दोन्ही वेळा आत बघा. ज्या नळ्या फुटल्यात त्या कारागीर बंद करतो. दोन-चार चालतील, दहा-बारा बंद केल्या तर नवी जाळीच (नळ्यांचा सगळा गाभा) घाला.

बाहेरून जाळीत मातीचा आणि किड्यांचा थर असेल तर पंख्याच्या बाजूनं पुढे, हलक्या पाण्यानं धुवा. जोराच्या फवाऱ्यानं पाकळ्या वाकतात.

बसवल्यावर बोअरचं पाणी बंद. बॅटरीत घालतो ते शुद्ध पाणी आणि कूलंट निम्मं-निम्मं, नाहीतर तयार मिळतं ते. भरल्यावर हिटरची नळी असेल तर ती आणि वरचा बोल्ट ढिला करून हवा बाहेर काढा, नाहीतर हवेचा फुगा बसतो आणि तुम्ही पुन्हा इथं लिहाल.

बेदाणा४०७ (तासगाव)

चार दिवस गाडी उभी होती, आज जोडून झाली. मिरजेत दोन तास कारागिराशेजारी बसलो. वरची टाकी उघडली तेव्हा मला आधी कळलंच नाही की नळ्या कुठं आहेत. चुन्याच्या भिंतीसारखं दिसत होतं. त्यांनी पट्टी घालून पहिली नळी मोकळी केली तेव्हा खालून पांढऱ्या-तपकिरी खपल्या परातीत पडायला लागल्या. शेवटी परातीत दोन मुठी भरतील एवढ्या होत्या. कागदात बांधून घरी आणल्या, वडिलांना दाखवल्या. त्यांनी बोटांत चुरून बघितल्या आणि बोअरच्या मोटरकडे बघत बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, 'पाण्याचे कॅन उद्यापासून मी भरून ठेवतो.'

तीन नळ्या बंद कराव्या लागल्या. कूलंट भरलं, हवा काढली. घाटमाथा दादांचं वाचून ब्रेक ऑईलही पूर्ण बदललं, ते चहासारखं नव्हतं पण काळसर होतं. इंजिन ते चॅसीची अर्थिंगची पट्टी हातात घेतल्यावर तुटली, तीही नवी. सगळं मिळून हेडच्या कामाच्या निम्म्यातसुद्धा नाही.

परवा पुणे. पूर्ण दोन टन भरून येतो आणि सांगतो.

घाटमाथा (पाटण)

शुभेच्छा. येताना सातारा सोडलं की एकदा थांबून चाकांना हात लावून बघा. एक ड्रम बाकीच्यांपेक्षा फार गरम लागला तर तो ब्रेक अडकतोय. हात लगेच टेकवू नका, आधी जवळ नेऊन बघा.

बेदाणा४०७ (तासगाव)

आलो. दोन टन खत, खंबाटकी पायथा ते माथा दुसऱ्या-तिसऱ्या गिअरवर, मध्ये एका बंद पडलेल्या ट्रकमागं पाच मिनिटं चढावर उभा. काटा निम्म्याच्या एक रेघ वर गेला आणि माथ्यावरून उतरताना परत जागेवर आला. चारही ड्रम सारखेच कोमट.

वडील शेजारच्या सीटवर होते. दोन वर्षांनी आले गाडीवर.

आगारकाका (सातारा)

वाचून फार समाधान वाटलं. वडिलांना माझा नमस्कार सांगा. आता तिसऱ्यांदा विचारतो, कॅप बदलली का?

बेदाणा४०७ (तासगाव)

नाही काका, राहून गेली. आत्ता टॉर्च मारून बघितली, रबर खापरासारखं कडक झालंय आणि काठाला चीर आहे. उद्या सकाळी दुकान उघडलं की पहिलं काम तेच. जुनी बरोबर नेतो, आकडा जुळवूनच घेतो.